बादलीतलं पाणी

फुलवाला निवडताना आधी फुलं बघू नयेत.
बादली बघावी.
चौतीस वर्षं कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये
मी काचेची भांडी धुतली, देठ तिरपे कापले,
म्हणून सांगते,
फूल दोन दिवस खोटं बोलू शकतं.
पाणी नाही.

हेमलताचं लग्न ठरलं तेव्हा मे महिना होता,
शेहेचाळीस अंश, आणि तिचं वय अठ्ठावन्न.
हॉल नको, बँड नको, असं भावांनी आधीच ठरवलेलं.
हार तेवढे तू बघ, म्हणाले,
जणू हार हा लग्नातला सगळ्यात गप्प खर्च.

धरमपेठेतल्या काचेच्या दुकानात एसी होता,
आणि त्या गारव्यात गुलाब
एकेक जाळी चढवून उभे, उमलायची परवानगी नसलेले.
"ॲनिव्हर्सरी आहे का मॅडम? पंचविसावी?"
मी म्हटलं, पहिलीच्याही आधीची.
मुलगा हसला, मग कॅटलॉग मिटला.

महालातल्या बाईंचा झेंडू खरं तर चांगला होता.
पण त्या म्हणाल्या,
"लहानच करू न हार. या वयात तेवढंच शोभते."
बादलीला आतून बुळबुळ होती.
बुळबुळीमुळे नाही घेतला,
असं मी घरी सांगितलं.

इतवारीत एकाने फक्त भाव सांगितला, दुसरं काहीच नाही.
तेही बरं वाटलं,
पण मोगरा पाणी मारून जड केलेला,
ओंजळभर फुलांत वाटीभर नळ.

बर्डीवर, मेट्रोच्या खांबामागे,
शेंद्रेंचं दुकान म्हणजे दोन पाट, एक ओलं गोणपाट
आणि एक बादली, जिच्या तळाचा तडा वरून दिसत होता.
मी वाकून वास घेतला. पाण्याचा.
"पाहा न ताई. सकाळपासून तिसरं हाय."

मग त्याने विचारलं:
सही किती वाजता,
पंखा डोक्यावर आहे की बाजूला,
दोऱ्याने नवरीची मान खाजते का,
नवरदेव किती उंच.
वय विचारलं नाही.
मीच सांगून टाकलं, भांडायच्या तयारीने.

"अठ्ठावन? मंग गुलाब नोका घेऊ."
माझं तोंड उघडलंच होतं.
"एक वाजताची सही म्हणता न. एवढ्या उन्हात
सह्या होतवरी गुलाब काळा पडते,
नवरी कितीचीही असो.
निशिगंध न्या. निब्बर असते."

अकराला या, म्हणाला, त्याआधी नाही,
लवकर बांधलेला हार वाट पाहूनच थकतो.
मी गेले तेव्हा शेवटची गाठ चालली होती.
दोन्ही हार त्याने तराजूत टाकले.
काटा कलला.
एकातून तीन फुलं ओढून माझ्या पिशवीत सोडली,
काही न बोलता.

नोंदणी कार्यालयातला कूलर बंद होता.
कारकून जेवायला गेलेला, लांजेवारांना चष्मा सापडेना,
पावणेदोन वाजले.
हेमलताची पावडर गळ्यापर्यंत ओघळली.
हार मात्र ताठ,
आलेल्या सात पाहुण्यांत सगळ्यात शिष्ट.

रात्री तिने ते दोन्ही
घरच्या कूलरच्या वाळ्यावर अडकवले.
नरेंद्रनगरातला दुसरा मजला, तीन खोल्या,
सगळीकडे ओला वारा आणि निशिगंध.
लांजेवार म्हणे दोनदा उठले,
कूलरमध्ये पाणी घालायला.

पुढल्या गुरुवारी मी दत्ताची फुलं घ्यायला गेले
तर पुडीला दोरा गुंडाळत शेंद्रे म्हणाला,
"टिकले का?"
काय, ते मी विचारलं नाही.
म्हटलं, हो.
पाणी रोज बदलतात.